सासऱ्यांच्या लग्नाची चतुःसीमा

गेल्या रविवारी जुळे सोलापुरातल्या एका कार्यालयात, दीडशे पाहुण्यांच्या देखत, माझ्या सासऱ्यांचं लग्न कॅरिबियन समुद्रात लागलं. जमैकाच्या पूर्व टोकापासून चाळीसेक किलोमीटर आत.

लग्न खरं तर 1974 सालचं, सोलापुरातल्याच बाळीवेशीतलं. रविवारी होती ती त्यांची पंच्याहत्तरी. घरातला कॉम्प्युटरवाला जावई मीच, म्हणून पडद्यावर फोटो दाखवायचं काम माझ्या गळ्यात. नुसते फोटो काय कुणीही दाखवतं, म्हणून मला नकाशा सुचला. फोटो येणार, नकाशा सरकणार, जिथला फोटो तिथं टाचणी पडणार. दोन महिने खपून 312 जुने फोटो स्कॅन केले, एकेकाची जागा विचारून भरली. पहिलाच फोटो आला. अंतरपाट, मुंडावळ्या, मामा, सगळं जागच्या जागी. नकाशा मात्र सोलापूर सोडून जो सुटला तो अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं करत निळ्याभोर पाण्यावर जाऊन टेकला.

मेव्हण्यानं माइक उचलला. (त्याच्या हातात माइक कोण देतं, हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही.) "दाजी, बाबांचं लग्न बोटीवर लागलंतं का?"

दीडशे माणसं हसली. सासऱ्यांच्या थोरल्या बहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वय 82. त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "एवढ्या लांब कार्य ठेवलं होय! तरीच मला बोलावणं नव्हतं." पडद्यावरच्या फोटोत अंतरपाटाच्या मागं त्या स्वतः उभ्या आहेत, अक्षता टाकतायत. पण ते त्यांना सांगायला कुणी धजावलं नाही, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत रुसवा पक्का झाला होता. त्याचंही खापर माझ्यावरच.

त्या रात्री मी दुरुस्तीला बसलो. रागात केलेली दुरुस्ती म्हणजे दुसरी मोडतोडच. कुठं अक्षांश आधी लिहायचा असतो, कुठं रेखांश, आणि कोण कुठल्या पंथाचा हे आधी सांगायची पद्धत नाही. मी उलटं भरलं. सासरे जमैकाहून उठले ते थेट उत्तर ध्रुवाकडं, स्वालबार्डच्या दक्षिणेच्या समुद्रात. तिथल्या बर्फाळ पाण्यात सासूबाई शालू नेसून. रात्री साडेअकराला मी त्यांना परत जमैकाला आणलं. निदान तिथली हवा बरी, एवढाच विचार करून.

सोमवारी सकाळी शेजारचे काका आले. हे भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले भूकरमापक. जन्मभर दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांतले बांध मोजले. निवृत्त झाले तरी चालणं सुटलं नाही: रोज सकाळी आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीला लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, ओठ हलवत. इतके दिवस मला वाटायचं जप करतात.

"काय करूलालाव?" ते गेटातूनच म्हणाले. "जागेची भानगड हाय म्हणं."

"फोटोंची जागा, काका. कॉम्प्युटरवरची."

"जागा ती जागा." चप्पल काढून ते आतच आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी स्टूल घेतलं. "गट नंबर?"

"गट नंबर नसतो. अक्षांश-रेखांश असतात. सतरा पॉइंट अडुसष्ट, पंच्याहत्तर पॉइंट नव्वद."

"सतरा अंश अडुसष्ट मिनिटं? साठाच्या वर मिनिटं कुठं बघितलाव?"

मी समजावलं की ही मिनिटं नव्हेत, दशांश आहेत. मिनिटांत सांगायचं तर सतरा अंश चाळीस मिनिटं आणि वर अठ्ठेचाळीस सेकंद. यावर त्यांनी मान डोलावली आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं. हा घोळ मी आधीच एकदा करून चुकलोय, हे मात्र बोललो नाही. मिनिटांना दशांश समजून भरलं होतं, तर आमचं घर पन्नासेक किलोमीटर नैऋत्येला सरकून मंगळवेढ्याकडच्या रानात, बहुधा कुणाच्या तरी मालदांडी ज्वारीत, जाऊन बसलं होतं.

"चतुःसीमा सांगा," काका म्हणाले. "पूर्वेला कोण?"

"समुद्र. मग जरा ईशान्येला हैती."

"पश्चिमेला?"

"जमैका. थोडं वायव्येकडं."

"नीट बोला, पश्चिम का वायव्य? तिथंच भांडणं होतात. उत्तर?"

"क्यूबा."

"दक्षिण?"

"पाणीच पाणी. शेवटी कोलंबिया."

"आणि रस्ता कुठनं हाय?"

"रस्ता नाही, काका."

पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी सासऱ्यांना बिनरस्त्याची जमीन खपवलीय. "जमैकावाल्यांची हरकत आली का?"

"अजून तरी नाही."

"येईल. लेखी येईल. आणि एक सांगतो, बारा वर्षं बिनहरकत वहिवाट झाली की मग समोरचा सोडत नसतोय. आताच हद्द कायम मोजणी मागा. नियमित मागू नका, द्रुतगती मागा."

कुणाकडं मागू हे मी विचारलं नाही, कारण त्यांनी अर्ज लिहायला सुरुवात केली असती. तोवर त्यांचा दुसराच हिशोब सुरू झाला होता. किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर म्हणजे साखळ्या किती? एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे. 33 बाय 33 चा एक गुंठा. चहा होईपर्यंत त्यांनी आकडा काढला: चार हजार साखळ्यांना तेवीस-चोवीस कमी. "दोन माणसं साखळी ओढायला, एक झेंडा धरायला," ते म्हणाले. मग जरा वेळ गप्प बसून, "पाण्यात झेंडा कसा हुभा करणार, तेवढं बघावं लागंल."

मग त्यांनी विचारलं, हे यंत्र चुकतं किती. मी म्हणालो, उघड्या आभाळाखाली मोबाइलचं जीपीएस पाच-एक मीटर इकडंतिकडं होतं.

"पाच मीटर!" काकांचा कप बशीवर आदळला. "अहो, पाच मीटरवर खून पडतेत आमच्याकडं!"

हे सगळं ऐकत मी हसतोय असं तुम्हाला वाटत असेल. मी अजिबात हसत नव्हतो. दहा वाजता मला पतसंस्थेत जायचं होतं, पाण्याचा दिवस होता, वरच्या टाकीची मोटर लावायची होती, आणि मेव्हण्यानं समुद्रातल्या टाचणीचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरवला होता. रविवार संध्याकाळपासून अकरा जणांनी मला जहाजाचं चित्र पाठवलं. जहाज पाठवणाऱ्यांपैकी एकानंही, कोणत्या फोटोत कोण कुठं उभं आहे हे विचारायला मी दोन महिने फोन करत होतो तेव्हा, नीट उत्तर दिलं नव्हतं. "कुठला तरी फोटो असंल की," हे एकमेव उत्तर. हाच मेव्हणा स्वतःचे फोटो मेसेजमधून पाठवतो. तसा पाठवला की फोटो आकसतो आणि जागेची नोंद गळून पडते. मूळ फाइल पाठव म्हणून चार वेळा सांगितलं. चारही वेळा अंगठा आला.

पाचव्यांदा पाठवल्या, त्याही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. रात्री आठची वेळ, सगळं आभाळ पेटलेलं, आणि नोंदीत वेळ दुपारी अडीच. जीपीएसचं घड्याळ आपलं नसतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं चालतं, आणि ते कुणीतरी पुढं ढकलायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे मी. दुपारी अडीचला सोलापुरात फटाका सोडा, माणूसही बाहेर पडत नाही. त्यातल्या सात फोटोंत तर अक्षांश शून्य, रेखांश शून्य. उपग्रह सापडायच्या आत बटण दाबलं की काही मोबाइल असलं लिहून मोकळे होतात. शून्य-शून्य म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. आमचं घराणं पोचलं नाही असा एकही समुद्र राहिलेला नाही.

तर काका. एवढ्या वेळात त्यांनी पडद्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. जाता जाता चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि रेखांशाच्या पुढच्या एका अक्षरावर नख ठेवलं.

"हे डब्ल्यू कशाला?"

मी पाहिलं. दोन महिने पाहत होतो, पण ते आता पाहिलं.

फोटोच्या फाइलीच्या पोटात एक चिठ्ठी असते, एक्झिफ म्हणतात. तिच्यात रेखांशाचा आकडा वेगळ्या घरात आणि पूर्व की पश्चिम हे सांगणारं अक्षर वेगळ्या घरात. आकड्याला उणे चिन्ह लावायची सोयच नाही. दिशा म्हणजे ते एक अक्षर. ई म्हणजे बाळीवेस, डब्ल्यू म्हणजे जमैका. 312 फोटोंना एकदम जागा भरायची म्हणून मी कुणीतरी लिहून ठेवलेली आज्ञा उतरवून घेतली होती. लिहिणारा अमेरिकेतला, तिकडं सगळं पश्चिमेलाच. मी त्याचे आकडे पुसून आपले लिहिले आणि अक्षर तसंच ठेवलं. हे मी मेव्हण्याला सांगितलेलं नाही. त्याला 'सॉफ्टवेअरचा दोष' एवढंच सांगितलंय, आणि तुम्हीही सांगू नका.

"खुणेचा दगड उलट्या अंगाला रोवलाव," काका म्हणाले. आवाजात विजय वगैरे काही नाही. त्यांनी असे दगड फार पाहिलेत.

अक्षर बदललं. टाचणी टुणकन बाळीवेशीत. पुन्हा उघडलं तर पुन्हा जमैका. मी काकांसमोर एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. भानगड अशी की हे सॉफ्टवेअर जागेची नोंद स्वतःच्या वहीत करतं आणि फाइलीतली चिठ्ठी तशीच ठेवतं. मग केव्हातरी फाइल नव्यानं वाचतं आणि चिठ्ठीवरचं जुनंच वहीत उतरवतं. 'फाइलीत लिहा' असं वेगळं सांगावं लागतं, तेही तिसऱ्या पानावरच्या, आधीच बंद असलेल्या चौकोनात खूण करून.

"म्हणजे फेरफार झालाय, पण सातबाऱ्यावर चढला नाही," काका म्हणाले. सहा भाषांतली माहितीपत्रकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते या एका वाक्यात कळलं, याचाही मला रागच आला.

खूण केली. 312 सासरे एका रांगेत सोलापूरला आले. चारच फोटो खटकले: जुन्या मिलच्या चाळीतले. आकडे बरोबर, टाचणी बरोबर, फोटोत पाटावर बसलेल्या सासूबाई, मागं मिलची चिमणी. आणि नकाशात त्या जागी गाड्या लावायची जागा. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "चुकलं असंल. परत तपासा." मी तपासलं नाही. कार्यक्रम झालेला, पाहुणे गेलेले. आता ते सगळं बिनचूक आहे आणि बघायला कुणी नाही.

काका मात्र रोज येऊ लागले. टाचणी कशी हलवायची ते शिकले. मंगळवारी त्यांनी स्वतःचं घर शोधलं, बुधवारी वरून काढलेल्या चित्रात आमची मधली भिंत. पाच मीटरची चूक असलेल्या यंत्रावर विश्वास नाही, हे ते त्या दिवशीही म्हणाले.

गुरुवारी सकाळी उठून पाहिलं, तर भिंतीच्या पायाशी, माझ्या बाजूला, कढीपत्त्याच्या बुंध्यापासून गेटापर्यंत फक्कीची पांढरी रेघ. सरळ, एका हातानं ओढलेली. टोकाला चुना लावलेला दगड.

"नऊ इंच," काका भिंतीपलीकडून म्हणाले. "साखळीनं मोजलंय, मोबाइलवर नाही. चहा झाला का?"