आधी यादी तर वाचता येऊ दे

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि जुनी पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन आणण्याच्या चर्चेला पुन्हा जोर चढला. इथे ब्रिटनमध्ये बसून ही चर्चा वाचताना बरं वाटतं, पण एक प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही. ही पुस्तकं अंध वाचक शोधणार कशी?

मी इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. ऑनलाइन सूचीत काही बदल केला की माउस बाजूला ठेवायचा, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावायचा आणि नुसत्या कीबोर्डवर पुस्तक सापडतंय का बघायचं, हा आमच्या कामाचाच भाग आहे. शोधाच्या चौकटीला नाव दिलेलं नसेल तर तिथे लेखक टाकायचा की शीर्षक, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. निकाल पडद्यावर आले, पण ते आल्याचं बोलून सांगितलं गेलं नाही, तर तो वाट बघत बसतो.

गावाकडे, आमच्या जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयाची पुस्तकांची यादी मी अशीच उघडून पाहिली. युनिकोड, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणारी पद्धत, येण्याआधीच्या फाँटमधली पीडीएफ होती. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत होतं, कानावर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एकामागून एक. दुसऱ्या एका ग्रंथालयाची यादी स्कॅन केलेली, म्हणजे पानांची नुसती चित्रं. तिथे तर काहीच ऐकू येईना.

इथली माणसं जास्त संवेदनशील आहेत म्हणून इथे बरं चालतं, असं मुळीच नाही. ब्रिटनमधल्या २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांना संकेतस्थळावर निवेदन देणं भाग पाडलं: आमचं काय काय अजून वापरता येत नाही, का येत नाही, तक्रार कुणाकडे करायची. स्वतःच्या उणिवा चारचौघांत लिहून ठेवाव्या लागल्या की त्या दुरुस्त होऊ लागतात, हे मी रोज बघतो. कायद्यात भारत मागे नाही. अंध वाचकांसाठी पुस्तकांचं ब्रेल किंवा श्राव्य रूपात रूपांतर सोपं करणाऱ्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजुरी दिली ती भारतानेच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष नुसते ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं.

पैशांचं काय, असं गावाकडचे ग्रंथपाल विचारतात, आणि तुटपुंज्या अनुदानात गाडा ओढणाऱ्यांनी ते विचारायलाच हवं. पण न्यूझीलंडमध्ये तयार झालेली कोहा ही ग्रंथालय प्रणाली फुकट मिळते, एनव्हीडीएही फुकट आहे, आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनंही आहेत. खर्च होतो तो माणसाच्या वेळाचा. त्यासाठी ग्रंथालय संचालनालयाने अनुदानात वेगळी रक्कम द्यावी, आणि यादी तपासायला अंध वाचकांनाच मानधन देऊन बोलवावं.