दोन पानांत बसवा

"सारांश दोन पानांचा. तिसरं पान मुंबईचे साहेब वाचत नाहीत," एवढं बोलून सरांनी सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे माझ्या टेबलावर आदळले आणि कोर्टाला निघून गेले. साहेब म्हणजे हायकोर्टात आमच्या बाजूनं उभे राहणारे मोठे वकील. सुतळी सोडल्यावर आधी झुरळ बाहेर आलं, मग दावा.

दावा वाटपाचा. नावं-गावं मी सांगणार नाही, पण आपल्याच भावकीत डोकावलात तर साधारण हाच सापडेल. वडील 1988 साली वारले, आई त्याआधीच. मागे दोन मुलगे, तीन मुली आणि साडेसात एकर. तिघी बहिणींनी 1991 मध्ये दावा लावला, 2003 मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला, मग जिल्हा न्यायालयात अपील, ते 2021 पर्यंत. आता दोघे भाऊ दुसऱ्या अपिलात. आम्ही बहिणींकडून. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतं. पूर्वी आमच्या फायली महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायच्या, आता मुंबईचे साहेब इकडे येतात. मोठी सोय झाली असं सगळे म्हणतात. साहेबांनी काही विचारलं की "गावाकडून मागवून घेते" म्हणता यायचं, ती सोय मात्र गेली.

तर सोमवारी साहेब उभे राहणार, रविवारी संध्याकाळी कॉन्फरन्स, आणि त्याआधी ही पस्तीस वर्षं दोन पानांत.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टात दावा म्हणजे निशाणी 1 (निशाणी म्हणजे कोर्टानं कागदाला दिलेला क्रमांक) आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी 5, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यापुढच्या निशाण्या मात्र देवाच्या हवाली. मुदतीचा अर्ज, दुरुस्तीचा अर्ज, दुरुस्तीला हरकत, हरकतीला म्हणणं, म्हणणं द्यायला पुन्हा मुदतीचा अर्ज. म्हटलं रोजनामा वाचू, त्यात तरी गोष्ट सापडेल. रोजनाम्यात सलग कित्येक पानं एकच गोष्ट आहे: "वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदत अर्ज. मंजूर. पुढील तारीख." एके ठिकाणी फक्त "वादी गैरहजर" आलं, तर माझा जीव उगाच वरखाली झाला.

1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता याबाबतीत अगदी स्वच्छ आहे. ऑर्डर 6 रूल 2 म्हणतो, महत्त्वाच्या घटना तेवढ्या थोडक्यात लिहा, पुरावा लिहू नका. प्रतिवादींची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, एकोणचाळीस पानांची आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "सदरचा मजकूर सपशेल खोटा, लबाडीचा, बनावट व प्रतिवादीस नाकबूल आहे" हे वाक्य आहे. हे एक वाक्य गाळलं असतं तर कैफियत बारा पानांत बसली असती, असा माझा अंदाज आहे.

पण खरा घाम काढला तो वंशावळीनं. भावांनी दावा चालू असतानाच रस्त्याकडेची जमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली, त्यामुळे खरेदीदार प्रतिवादी 3 ते 9. त्यातला 6 मयत, त्याचे वारस 6अ ते 6इ, त्यातला 6क मयत, त्याचे वारस 6क/1 ते 6क/4. शिवाय आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे एकच माणूस 1956 साली जमीन घेतो, 1988 साली मरतो आणि 2007 साली तीच जमीन गहाण टाकून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढतो. कोर्टाला यात काही गैर वाटलेलं नाही. मला एक दुपार लागली.

त्यातच आक्का आल्या. आक्का म्हणजे वादी क्रमांक 1, सत्तरी ओलांडलेल्या, हातात पिशवी, पिशवीत ताकाची बाटली माझ्यासाठी.

"म्याडम, त्या विहिरीचं लिवलंत न्हवं?"

"कुठल्या विहिरीचं?"

"आवो, कुठल्या काय! इहीर काढली तवा दगडं कुणी वाहिली? आमी तिघींनी. ह्यो धाकटा तवा पाळण्यात हुता. आन् आता म्हनतोय, पोरींचा काय संबंद!"

दुसरं अपील त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली चालतं. तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. दगड कुणी वाहिले हा तसा प्रश्न नाही. हे आक्कांना समजावून सांगायचा प्रयत्न मी केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मग एकच वळ लिवा."

त्यांचं तरी काय चुकलं? कागदावर जे आहे ते तलाठ्याला दिसलं तेवढंच. विहीर सातबाऱ्यावर आहे, दगड वाहणाऱ्या पोरी नाहीत.

सरांशी मात्र वेगळ्याच कारणावरून वाजलं. भावांचं म्हणणं असं की वडील हयात असतानाच 1984 साली तोंडी वाटप झालं, आणि 1985 चा फेरफार, म्हणजे महसुली दप्तरातली हक्कबदलाची नोंद, त्यांच्या हातात आहे. सर म्हणाले, "तो दुसऱ्या पानावर खाली टाक, नजर पडली तर पडली." मी तो पहिल्या पानावर, तारखांच्या यादीतच घेतला. आपल्या बाजूचं जे दुखणं आहे ते आपल्या वकिलाला समोरच्या वकिलाच्या तोंडून कळावं, यासारखी भर कोर्टात दुसरी फजिती नाही. सारांशातली पहिली तीट आपणच लावावी. सरांनी दोन वेळा खोडलं, मी दोन वेळा परत टाइप केलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, पण ठळक नको."

कायद्याच्या तारखा ही तर वेगळीच मौज. 2003 च्या हुकूमनाम्यात बहिणींना प्रत्येकी पंधरावा हिस्सा मिळाला होता: तिसरा हिस्सा वडिलांचा धरायचा आणि त्या तिसऱ्याचे पाच भाग करायचे, हा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातला जुना हिशेब. 22 जून 1994 ला महाराष्ट्रानं दुरुस्ती केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून, आणि आक्कांची तर तेव्हा नातवंडं शाळेत जात होती. मग मुलींना मुलांइतका हक्क देणारी 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती. मग 2015 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या दिवशी बाप जिवंत हवा. 2018 च्या निकालात बाप 2001 सालीच गेलेला, तरी मुलींना हिस्सा मिळाला. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी एकदाचं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप जिवंत असो वा नसो. आणि नुसत्या तोंडी वाटपावर विश्वास ठेवायचा नाही, सार्वजनिक कागदाचा भक्कम आधार असेल तर अपवाद. म्हणून 2021 मध्ये पंधरावा हिस्सा पाचवा झाला आणि म्हणूनच तो 1985 चा फेरफार आमच्या नरड्याशी आला. एवढं सगळं मी सहा ओळींत बसवलं. या सहा ओळींचा मला जरा गर्व आहे, तो कुणी काढून घेऊ नये.

सारांश सगळ्यांना पटेल अशी आशा मात्र मी कधीच सोडलेली आहे. केशवानंद भारती खटला तेरा न्यायमूर्तींसमोर अडुसष्ट दिवस चालला, 24 एप्रिल 1973 ला निकाल लागला, आणि अकरा निकालपत्रांतून नक्की ठरलं काय ते कळावं म्हणून सरन्यायाधीश सिक्री यांनी बहुमताचा छोटासा सारांश सह्यांसाठी फिरवला. नऊ जणांनी सही केली, चौघांनी केलीच नाही. तो सारांश बरोबर आहे का, यावर वकील मंडळी पुढे कित्येक वर्षं भांडत राहिली. तिथं माझ्या दोन पानांवर सरांनी लाल पेन चालवलं तर मी कशाला तोंड पाडून बसू?

शुक्रवारी रात्री कागद तयार झाला. डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे निशाणी आणि पान क्रमांक. निशाणी नसलेलं एकही वाक्य ठेवलं नाही. खाली वंशावळ, दुसऱ्या पानाच्या अगदी काठाला टेकलेली. विहीर बसली नाही.

शनिवारी सकाळी आक्कांचा फोन. धाकटा भाऊ गेला. पस्तीस वर्षं ज्याच्याशी भांडल्या त्याच्यासाठी त्या फोनवर बराच वेळ रडल्या, आणि मग नाक पुसून म्हणाल्या, "आता त्याची नावं घाला लागतील न्हवं? लिवून घ्या."

वारस रेकॉर्डवर आणायला कायद्यानं 90 दिवस आहेत आणि ते काम पलीकडच्या वकिलांचं. पण साहेबांना रविवारी संध्याकाळी खरी वंशावळ द्यायची तर ती मलाच बदलायला हवी होती. मी पेन घेतलं.

"बायकू, आन् तीन लेकी."

"मुलगा?"

"न्हाई. तिन्ही लेकीच."

म्हणजे अपीलदार 2अ ते 2ड. मुलींना मुलांइतका हिस्सा नको, हे म्हणणं आता या तिघींनी पुढे चालवायचं. मी चारही नावं टाइप केली. वंशावळ तिसऱ्या पानावर गेली. दोन्ही बाजूंचा समास कमी केला, तरी शेवटच्या मुलीचं नाव खालीच राहिलं.

"म्याडम," आक्का अजून फोनवर होत्या, "जागा पुरत नसंल तर ती इहीर ऱ्हाऊ द्या."