फसवणुकीचा तोटा कोणी सोसायचा?

गावाकडे कोणी ऑनलाइन फसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा शिकलेला माणूस, फसलाच कसा? गेल्या हंगामात गुहागरजवळच्या आमच्या वाडीतल्या एका आंबा बागायतदाराला सैन्यातला अधिकारी म्हणवणाऱ्या कोणीतरी पेट्यांची मोठी ऑर्डर दिली. आगाऊ रक्कम देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला. कोड स्कॅन करून पिन टाकला आणि यायचे पैसे उलट खात्यातून गेले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली आणि सगळ्यांनी मिळून निकाल दिला की चूक त्याचीच. मला तो निकाल मान्य नाही. आपल्याला असा विचार करायला कायद्यानेच शिकवलं आहे, हे इंग्लंडमध्ये राहायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

इथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे: ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी बँकेने ते परत करायचे, मर्यादा ८५,००० पौंडांची. सर्वसाधारणपणे पाच कामाच्या दिवसांत. आणि हा भार निम्मा पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा पैसे जिथे पोचले त्या बँकेवर. दुसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोराला खातं लागतंच, आणि ते खातं कुठल्यातरी बँकेने उघडून दिलेलं असतं. त्या बँकेच्या खिशाला चाट बसायला लागली की खातं उघडताना कागद नीट पाहिले जातात. इथे मोठी रक्कम नव्या खात्यात पाठवायला गेलं की बँक थांबवते, कशासाठी पाठवताय, कोणी सांगितलं, असं विचारते. ही सौजन्याची बाब म्हणून मी तरी धरत नाही. न विचारल्याचा तोटा तिलाच सोसावा लागतो.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, आणि ते चांगलंच होतं. ग्राहकाचा किंवा बँकेचाही दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण त्यातच असंही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं त्याचंच. आमच्या बागायतदाराने तर पिन स्वतःच टाकला होता. मग त्याच्यासाठी उरतं काय, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि सावधानतेच्या जाहिराती. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर लाइफ जॅकेट ठेवणं चालवणाऱ्याचं काम असतं. प्रवाशांना पोहायला येत नाही म्हणून आपण त्यांना दोष देत नाही.

सरकारला सायबरसुरक्षा समजतच नाही, असं मी म्हणणार नाही. ती सरकारच्या बाजूने समजते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला: हल्ला झाला की सहा तासांत आम्हाला कळवा, संगणकांवरच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपा, इंटरनेटवर ओळख झाकणारी व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी. ज्यांची माहिती फुटली त्यांना कळवा, असं त्यात नव्हतं. ते २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आलं, ही मोठी सुधारणा. पण याच कायद्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर आपल्याकडे पुरेशी ओरड झाली नाही. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, आणि तो जातो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. वर, कंपनीच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई मागायचा जो हक्क आयटी कायद्याच्या ४३ए कलमाने दिला होता, तो नव्या कायद्याचा अंमल पूर्ण झाला की रद्द होतो. इंग्लंडच्या डेटा कायद्यात मात्र माणसाला भरपाईचा दावा करता येतो. नुकसान माझं आणि भरपाई सरकारजमा, हे मला पटत नाही.

ग्रुपवर माझे मामा म्हणाले, "अरे, पैसे परत मिळतात म्हटल्यावर लोक बिनधास्त होतील. तुमच्याकडे चालत असेल." हाच वाद इथेही झाला, मामा. आधी ४,१५,००० पौंडांची मर्यादा ठरली होती, ती बँकांच्या दबावाखाली ८५,००० वर आली. ग्राहकाने अगदीच बेपर्वाई केली तर बँकेला नकारही देता येतो. पण ती सिद्ध बँकेने करायची. शिवाय इंग्लंडचं सगळंच उत्तम आहे असं नाही. इथला संगणक गैरवापराचा कायदा १९९० चा आहे आणि चांगल्या हेतूने त्रुटी शोधणाऱ्या तज्ज्ञालाही त्यात संरक्षण नाही. सरकारने एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, स्वतःसाठी वाट मागितल्यावर अ‍ॅपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली सर्वांत भक्कम क्लाउड सुरक्षा इथल्या नव्या ग्राहकांसाठी बंद केली. इथलंही सरकार स्वतःच्या सोयीपुढे नागरिकाची सुरक्षा मागे टाकतं.

तरीही व्यवस्था बदलली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. यूपीआयवर अनोळखी माणसाने 'पैसे मागण्याची' विनंती पाठवायची आणि समोरच्याने ती पैसे आल्याची समजून मंजूर करायची, ही जुनी युक्ती होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, आणि ती वाट बुजली.

राहता राहिला कोकणचा प्रश्न. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. किनाऱ्यावरच्या लहान ठाण्यांत असे अधिकारी किती, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. २०१३ च्या सुमारास याच अधिकारात बँकांना भरपाई द्यायला लावणारे आदेश झाले आहेत. पण ते कार्यालय मुंबईला, आणि आंबा उतरवायच्या दिवसांत बागायतदार तारखांना मंत्रालयात खेपा घालणार कधी? मत मागायला येतील त्यांच्याकडे मी हेच मागेन: ही सुनावणी रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गात ओरोसला घ्या, आणि चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेलाही तिथे उत्तर द्यायला बोलवा.