सरस, सोनं आणि अंडं

फ्लॉरेन्सला चित्रकला शिकायला जायचं म्हटलं की नातेवाइकांना घुमट, पुतळे आणि संध्याकाळची आर्नो नदी दिसू लागते. जुन्या पद्धतीचं टेम्परा, म्हणजे अंड्याच्या बलकात रंग कालवून लाकडी फळीवर रंगवणं, शिकणाऱ्याला मात्र आधी दिसतो तो सशाच्या कातडीचा सरस. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या सुमारास लिहून ठेवलंय की ही कला शिकायला 13 वर्षं लागतात: 1 वर्ष नुसतं रेखाटन, 6 वर्षं रंग घोटणं, सरस करणं, फळ्यांना अस्तर देणं, आणि उरलेली 6 रंगकामाची. आपला व्हिसा वर्षाचा. हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक लिटर पाण्यात साधारण 70 ग्रॅम सरसाचे दाणे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून सरस विरघळवायचा. उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर त्याचा चिकटपणा जातो. शाकाहारी घरातून आलेल्यांनी त्या दिवशी उपवास धरावा. त्या वासात तसंही काही खाल्लं जाणार नाही.

मग फळीच्या अस्तरासाठी चाळलेलं बोलोन्याचं जिप्सम (पांढरी पावडर) चिमटीचिमटीने कोमट सरसात सोडायचं आणि हात बांधून बसायचं. पावडर आपली आपण बुडते. घाईवाला ढवळतो, हवा आत शिरते आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. वर सोनं चढलं की ती आणखीच उठून दिसतात. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत हवं. फळीवर त्याचे आठ थर, प्रत्येक आधीच्याला आडवा. वरच्या थरात खालच्यापेक्षा जास्त सरस झाला तर तो सुकताना आकसतो आणि भेगा पडतात. त्या पाहून 'किती जुनं वाटतंय!' म्हणणाऱ्याशी मी तरी मैत्री वाढवणार नाही.

सोन्याच्या वर्खाला बोट लावलं की तो बोटाचाच. खिडकी बंद, पंखा बंद, गप्पा बंद. शिंक बाहेर जाऊन. वर्ख उचलायचा चपटा ब्रश आधी स्वतःच्या गालावरून फिरवतात, तिथल्या जराशा तेलकटपणाला वर्ख चिकटतो. गालाला भरपूर क्रीम थापून आलेल्याचा वर्ख ब्रश सोडतच नाही. पांढऱ्या अस्तरावर दिलेल्या लाल मातीच्या थरावर वर्ख बसला की काही तासांनी अगेटच्या (अकीक) गुळगुळीत दगडाने घासायचं. वेळ झाली का ते कानाने कळतं: दगडाने हलकेच ठोकल्यावर टक् असा कोरडा आवाज आला तर घासा, बद्द आला तर थांबा. घाईत सोनं सोलून निघतं, उशिरा चमक येत नाही. दगड नसेल तर चेन्नीनीला कुत्र्याचा किंवा सिंहाचाही दात चालतो. मालकाला विचारायचं का, हे तो सांगत नाही.

शेवटी अंडं. बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत कोरडा करायचा, पातळ पापुद्रा चिमटीत धरून टोचायचा, आतला बलक वाटीत गाळायचा, तितकंच पाणी घालायचं. बलक जास्त झाला तर रंग तेलकट होतो, कमी झाला तर वाळल्यावर हाताला लागतो. तरुण चेहऱ्यांना शहरी कोंबडीचा फिकट बलक, म्हाताऱ्या व सावळ्यांना गावाकडच्या कोंबडीचा लालसर, असं चेन्नीनी सांगतो. आता इटलीतल्या अंड्यावर शिक्का असतो: पहिला आकडा 0 म्हणजे सेंद्रिय, 3 म्हणजे पिंजऱ्यातली. कोणत्या वयाच्या चेहऱ्याला चालेल, ते त्यावर लिहिलेलं नसतं. पण आजीबाईंच्या गालांसाठी गावठी अंडं शोधत बस पकडू नये. बलकाचा पिवळेपणा थोड्याच दिवसांत उडतो. उरलेलं पांढरं फेटून लाल मातीत घालतात. त्यातूनही उरलं तर खोलीतल्या सोबत्याचं आम्लेट करावं, फक्त सरसाचं भांडं सोडून दुसऱ्यात.