देवगडकरांना उत्तर: आकडे, मासे आणि बीपीची गोळी

नमस्कार देवगडकर,

व्हॅस्क्युलर डिमेन्शियावरच्या, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजारावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत की तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ असा. भारतात डिमेन्शियाचे रुग्ण मी एकीकडे ३८ लाख सांगतो आणि दुसरीकडे ८८ लाख, म्हणजे कुणालाच काही ठाऊक नाही. परदेशात हा आजार उलट कमी होतोय, तिकडे मी कानाडोळा केला. मासे-भात खाणाऱ्या आणि घाट्या चढणाऱ्या कोकणी माणसाला असलं काही होत नाही, आपल्या आज्या-पणज्यांना कुठे होतं? तुमच्या वडिलांना ब्याऐंशीव्या वर्षी थोडा विसर पडतो तो वयामुळे, कारण डोंबिवलीहून तुम्ही रोज फोन करता आणि त्यांना सगळं आठवतं. आणि जाता जाता टोला: ‘औषधाचं दुकान चालवणारा माणूस गोळ्यांचीच जाहिरात करणार.’

टोल्यापासूनच सुरुवात करू. मी बीपीच्या ज्या साध्या गोळीबद्दल लिहिलं ती अम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. गल्ला भरायचा असता तर मी ‘मेंदूच्या टॉनिक’वर लेख लिहिला असता. त्या बाटल्यांनी डिमेन्शिया टळतो याला पुरावा नाही, पण परीक्षेच्या दिवसांत आणि चाकरमानी आले की त्याच जास्त खपतात. असो.

आता आकडे. ३८ लाख हा ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासाचा २०१९ सालासाठीचा अंदाज. आधी झालेल्या पाहण्या गोळा करायच्या आणि वय, लोकसंख्या वगैरे धरून देशोदेशीचा हिशेब मांडायचा, अशी त्याची रीत. ८८ लाख हा ‘लासी-डॅड’ या भारतातल्या पाहणीतून निघालेला आकडा. तिथे साठीपुढच्या ४,०९६ माणसांना समोर बसवून लांबलचक चाचण्या घेतल्या, घरच्यांना प्रश्न विचारले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं निदान डॉक्टरांनी एकमेकांशी ताडून ठरवलं. साठीपुढच्या शंभरांत ७.४ जणांना डिमेन्शिया, असं त्यातून आलं. ज्या देशात म्हातारा भरकटला तर ‘चळलो’ म्हणून सोडून देतात, तिथे जुन्या पाहण्यांवर उभा केलेला हिशेब कमीच भरणार. त्यामुळे दोघांतून एकाला धरायचं तर मी ८८ लाखांना धरतो. पण दिशेबाबत दोघांत वाद नाही. पहिला अभ्यास भारतासाठी २०५० सालचा आकडा १ कोटी १४ लाख सांगतो, आणि दुसऱ्या पाहणीवरून २०३६ सालीच १ कोटी ६९ लाख होतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवा होता असा प्रश्न वेगळाच आहे: यातले व्हॅस्क्युलर किती? हे दोन्ही आकडे सगळ्या प्रकारच्या डिमेन्शियाचे मिळून आहेत. रक्तवाहिन्यांमुळे झालेला ओळखायचा तर सीटी किंवा एमआरआय लागतो, आणि गावोगावच्या पाहणीत ते यंत्र कोण नेणार? अल्झायमरनंतर याचाच नंबर आणि वाटा साधारण १५ ते २० टक्के, असं सर्वसाधारणपणे सांगतात. आशियातल्या काही पाहण्यांत तो याहून जास्त भरलाय. शिवाय मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा पुष्कळ वृद्धांत दोन्ही रोग एकत्र सापडले. अल्झायमरचा म्हणून नोंदलेल्या माणसाच्या मेंदूतही बारीक रक्तवाहिन्या बुजलेल्या असतात. म्हणून या टक्केवारीवर मी फार जोर देत नाही. रक्तवाहिन्या सांभाळल्या तर फायदा एकाच खान्यातल्या माणसांना होतो असं नाही.

परदेशात कमी होतोय, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. आणि ते माझ्या बाजूचं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तपासणी चालू आहे. तिथल्या साठीपुढच्या लोकांत पाच वर्षांत नव्याने डिमेन्शिया होण्याचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभरांत ३.६ होतं, तीसेक वर्षांनी ते २ वर आलं. सगळ्यांत ठळक उतार व्हॅस्क्युलर प्रकारात दिसला. मात्र ही घट शाळा पूर्ण केलेल्या लोकांतच होती, कमी शिकलेल्यांत नव्हती. त्या काळात तिथे बीपी आवाक्यात आलं, सिगारेट कमी झाली, हृदयविकारावर वेळेत इलाज होऊ लागले. मेंदूसाठी वेगळी जादूची गोळी कुणी काढली नव्हती.

जगभरात डिमेन्शियाचे रुग्ण २०१९ मध्ये ५ कोटी ७४ लाख होते आणि २०५० मध्ये १५ कोटी २८ लाख होतील असं म्हणतात, त्या वाढीचा मोठा भाग माणसं वाढल्यामुळे आणि जास्त जगल्यामुळे आहे. अमुक वयाच्या माणसाला धोका किती, तो मात्र खाली आणता येतो. फ्रेमिंगहॅममध्ये तो आला. आपल्याकडे येईल का?

तर आपल्याकडची स्थिती बघा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वीस वर्षांवरच्या ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब, ११.४ टक्क्यांना मधुमेह. मधुमेहात देशात पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. म्हणजे दर चौघांत एक. तो गोव्याचा आकडा आहे, सिंधुदुर्गाचा नव्हे, हे मान्य. पण गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला म्हणून माणसाचं ताट बदलतं का? तेच मासे, तोच उकडा तांदूळ, तीच बेकरी.

ताज्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही त्याच्यावरच जगतो. पण पावसात होड्या शाकारल्या की पेजेबरोबर काय असतं ते आठवा. खारवलेला बांगडा, सुकी सुंगटं, भाजलेला पापड, खारातली मिरची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. तेवढं एका जेवणातच होऊन जातं. मशेरी तर आपण तंबाखूत धरतच नाही, बायका ती ‘दात घासूक’ म्हणून तोंडात धरून तासभर कामं करतात. घाट्या आजोबांनी चढल्या, नातू पाणंदीपर्यंतसुद्धा स्कूटी काढतो.

आणि आज्या-पणज्यांचं म्हणाल तर स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. तेव्हाही कुणाचं अर्धं अंग जायचं, पण तो माणूस बहुधा त्या पावसाळ्यातच जायचा. आता वाचतो, आणि वाचायलाच हवा. पण पहिल्या पक्षाघातानंतर दहांत एकाला नव्याने डिमेन्शिया होतो आणि पुन्हा झटका आला तर तिघांत एकाला, असं जगभरचे अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसतं. शिवाय प्रत्येक वेळी झटका दिसतोच असं नाही. पोफळीच्या बागेत पाट मध्येच गाळाने बुजला तर टोकाची झाडं आधी सुकतात, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग हिरवीगारच दिसते. मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्यांचं असंच होतं. वर्षानुवर्षांच्या बीपीने त्या कडक आणि अरुंद होतात.

तुमच्या रोजच्या फोनकडे येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतली मला सगळ्यांत खटकलेली जागा तीच.

ओळखीतल्या एका घरचे आबा. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, बांधण्यात वाडीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कवंडाळं, कांगलं, शेरवडं, तेरडा, सुपारीचं शिपटं, नारळ, सगळं पडवीत मांडलेलं. आबांनी कवंडाळ उचललं, सुंब ओढलं, परत खाली ठेवलं. शेरवडं घेतलं, ठेवलं. पुन्हा कवंडाळ. कुठल्याही वस्तूचं नाव विचारा, अचूक सांगत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हटल्या, नातवाचं चुकलेलं कडवंही सुधारलं. फक्त आधी काय बांधायचं आणि मग काय, हे त्यांना लागत नव्हतं. मुंबईहून आलेला मुलगा म्हणाला, ‘आबा दमलेत.’ पुढे सीटी केला तेव्हा मेंदूत जुने, बारीक, कुणाच्या लक्षातही न आलेले झटके दिसले.

या आजारात असंच होतं. अल्झायमरमध्ये बहुधा आधी आठवण जाते. इथे आधी कामाचा क्रम बिघडतो, विचार मंदावतो, चाल बदलते, पाय घासत पडतात, लघवीची घाई होते, माणूस कारण नसताना रडतो नाहीतर गप्प बसून राहतो. उतरणही सरळ नसते. सहा महिने तसाच असतो आणि एके दिवशी एकदम पायरी खाली येतो. ‘जेवलास मा? पाऊस आसा काय? चेडू शाळेत जाता मा?’ एवढ्या फोनमध्ये यातलं काय कळणार? आवाज तोच, नावं बरोबर, आठवणी जागच्या जागी. तुमच्या वडिलांना हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. फोनवरून तो नाही असं तुम्हालाही म्हणता येत नाही, एवढंच.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत नेमके असे फोनच फार. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईत. आता लासी-डॅडचे बारकावे त्याच्या शेजारी ठेवा: डिमेन्शिया बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. म्हातारी, खेड्यात राहणारी, कमी शिकलेली बाई, आणि घरात लक्ष ठेवायला कुणी नाही. कोकणाच्या भविष्याबद्दल मला काळजी वाटते ती १ कोटी ६९ लाखांच्या आकड्याने नव्हे, अशी घरं मला वाडीवाडीवर दिसतात म्हणून.

काउंटरवर रोज ऐकतो ते वाक्यही सांगून टाकतो. ‘पाचच गोळ्यो दी, बाकीच्यो मगे नेतंय.’ कात्रीने पट्टी कापून पाच देतो. मग तो माणूस दोन महिने फिरकत नाही, आणि विचारलं तर म्हणतो, ‘आता बरां वाटता, मगे गोळी कित्याक?’ बीपी दुखत नाही हीच त्याची खोड. २०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची, गोळी संपायच्या आत परत बोलवायचं, न आल्यास शोधायचं. दिसायला कारकुनी काम आहे. पण माझं मत विचाराल तर नव्या महागड्या इंजेक्शनांपेक्षा कोकणाला ते जास्त उपयोगी. अल्झायमरसाठी आलेली ती इंजेक्शनं व्हॅस्क्युलर प्रकारासाठी नाहीतच.

बीपी किती खाली आणायचं यावर अमेरिकेत ९,३६१ जणांवर प्रयोग झाला. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात स्मृतीचा सौम्य बिघाड १९ टक्क्यांनी कमी झाला. डिमेन्शियाही कमी दिसला, पण ठामपणे म्हणता येईल इतका नाही. म्हणून वडिलांचं बीपी उद्यापासून १२० वर आणा असं मी मुळीच सांगणार नाही. ब्याऐंशीव्या वर्षी ते जास्त उतरलं तर न्हाणीघरात चक्कर येऊन पडायचे. तो हिशेब डॉक्टरांचा. पन्नाशीच्या आतबाहेर असाल तर तुमचं स्वतःचं बीपी मात्र या आठवड्यात मोजून घ्या. चाळिशी-पन्नाशीतलं दुर्लक्षित बीपीच पुढे मेंदूला जास्त भोवतं.

वडिलांचं विचाराल तर पुढच्या खेपेला गावी दोन-तीन दिवस मोकळे काढा. त्यांना बाजारातून चार वस्तू आणायला सांगा, चहा करायला सांगा, वीजबिलाचे पैसे मोजायला द्या, आणि शेजारी बसून नुसतं बघा. कुठे अडतात, चाल कशी आहे, गोळ्यांच्या पट्टीत किती उरल्यात, मधे कधी पडले होते का, बिघाड हळूहळू आला की एकदम, हे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. डोक्याला मार लागला असेल तर सीटीसुद्धा, कारण आत साचलेलं रक्त काढल्यावर माणूस सुधारतो. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी दुकानात घेऊन आलात तर कुठली गोळी कशाची ते समजावून सांगेन. त्याचे पैसे लागत नाहीत.