जानेवारीत रिटेलमधल्या नोकऱ्या ‘वाढल्या’, म्हणजे नेमकं काय झालं?

डिसेंबरचे आकडे आले की ‘रिटेलमध्ये भरतीचा धडाका’ आणि जानेवारीचे आले की ‘रिटेलमध्ये मोठी कपात’. हे मथळे ठरलेले. मला दोन्ही बिनकामाचे वाटतात. नाताळच्या हंगामापुरती घेतलेली माणसं हंगाम संपला की जाणार, हे त्यांना घेतानाच ठरलेलं असतं. त्यात बातमी कसली?

म्हणूनच सांख्यिकी खाती हंगामाचा परिणाम बाजूला काढून समायोजित आकडा देतात. पण तोही आंधळेपणाने वाचला की फसगत होते. समजा, एका साखळीत एरवी १०० माणसं असतात. दरवर्षी डिसेंबरपर्यंत २० वाढतात, जानेवारीत ती २० जातात. यंदा मालकाने हात आखडता घेतला आणि १२च घेतली. जानेवारीत ती १२ गेली. समायोजित आकडा काय दाखवेल? डिसेंबरपर्यंत साधारण ८ने घट, कारण अपेक्षेपेक्षा ८ कमी आले. आणि जानेवारीत ८ने वाढ, कारण अपेक्षेपेक्षा ८ कमी गेले! प्रत्यक्षात जानेवारीत एकालाही नोकरी लागलेली नाही, उलट १२ जण घरी बसलेत. तरी मथळा येतो, ‘रिटेल सावरतंय’. त्यामुळे एकटा जानेवारी कधीच वाचू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एकत्र बघा, आणि मूळ, असमायोजित आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.

ताडतानाही तारखा तपासा. अमेरिकेतल्या आस्थापना पाहणीत (म्हणजे दुकानं-कंपन्यांना त्यांच्या पगारपटावर किती माणसं आहेत हे विचारणाऱ्या सरकारी पाहणीत) महिन्याची १२ तारीख ज्या पगार-कालावधीत येते, त्यातली माणसं मोजतात. २० नोव्हेंबरला सुरू झालेली भरती त्यामुळे बहुधा डिसेंबरच्या आकड्यात दिसते. गेल्या वर्षी तीच भरती ५ तारखेला झाली असेल, तर यंदाचा नोव्हेंबर उगाच पडका वाटतो. सरकणाऱ्या सणांचंही तेच. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो, म्हणून मार्चची तुलना थेट मार्चशी करता येत नाही. दोन्ही महिन्यांची सरासरी घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: तास. दहा जण आठवड्याला ४० तास, म्हणजे ४०० तास. सोळा जण २५ तास, तेही ४००च. हजेरीपटावर माणसं ६० टक्क्यांनी वाढली, काम तेवढंच राहिलं, आणि प्रत्येकाच्या हाती पडणारा पगार घटला. वरून, एकच माणूस दोन दुकानांत पार्ट टाइम करत असेल तर आस्थापना पाहणीत तो दोनदा मोजला जातो. डोकी वाढली म्हणून खूश होण्याआधी सरासरी साप्ताहिक तासांचा रकाना उघडावा.

वर्षानुवर्षांचा कल बघताना तर वर्गीकरणच मध्ये येतं. काउंटरवरचा विक्रेता रिटेलमध्ये मोजतात. ऑनलाइन ऑर्डर भरणाऱ्या वेगळ्या गोदामातला कामगार बहुतेकदा गोदाम क्षेत्रात जातो आणि पार्सल पोचवणारा कुरिअरमध्ये. विकली जाणारी वस्तू तीच असते. दुकानांतली हंगामी भरती रोडावली म्हणून ‘रिटेल संपलं’ असं लिहिणाऱ्यांनी या दोन क्षेत्रांचे नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे शेजारी मांडून बघावेत.