विसाव्या मिनिटाला दिलेलं चॉकलेट

समोरच्या किराणा दुकानात साडेतीन-चार वर्षांच्या पोराने जमिनीवर लोळण घेतली. आई आधी नाही म्हणाली, मग डोळे वटारले, मग रस्त्यावरची माणसं बघायला लागली तसं चॉकलेट काढून दिलं. पोर गप्प. कट्टा मात्र तिथूनच पेटला.

"एक धपाटा, पाच सेकंदांत विषय संपला असता," मास्तर म्हणाले.

"आवाज संपला असता," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "चिडलेल्या मोठ्या माणसाने हात उचलायचा असतो, एवढंच पोर त्यातून नीट शिकतं. राग आला तर काय करायचं, हे कुठे शिकलं?"

"मग काय, ओवाळायचं?" बंड्या.

डॉक्टर चहा खाली ठेवत म्हणाले, "आत्ता तिथे दोघांचीही शिकवणी झाली. पोर शिकलं की 'नाही' म्हणजे 'अजून थोडं ओरड'. आई शिकली की दिलं की सुटका होते. बक्षीस दोघांना मिळालं, म्हणून पुढच्या वेळी दोघंही हेच करणार. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घरोघरची भांडणं अशीच बारकाईने नोंदवून ही साखळी दाखवली. विसाव्या मिनिटाला चॉकलेट दिलं, तर वीस मिनिटं रडायला शिकवलं."

"दुर्लक्ष करा म्हणतात, पण केलं की उलट वाढतं," बंड्या म्हणाला.

"वाढणारच. रिमोटचे सेल संपले की तू बटण सोडून देतोस, की अंगठा मोडेपर्यंत दाबतोस? कालपर्यंत जे चालत होतं ते बंद पडलं, की आधी जोर वाढतो. लोक नेमके तिथेच हार मानतात आणि मोठ्या आवाजाला बक्षीस देऊन बसतात." मग डॉक्टरांनी सी. डी. विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली छापलेली एक केस सांगितली. 21 महिन्यांचा मुलगा. आधी बराच काळ आजारी होता, त्यामुळे झोप लागेपर्यंत कुणीतरी उशाशी बसायची सवय लागलेली. तब्येत ठीक असल्याची खात्री करून घेतली, लाडाने निजवलं, दार लावलं आणि परत आत गेले नाहीत. पहिल्या रात्री 45 मिनिटं रडला. दहाव्या खेपेपर्यंत रडणं बंद झालं होतं. आठवड्याभराने मात्र एका रात्री तो कुरकुरला, आणि निजवायला आलेली नातेवाईक बाई परत आत जाऊन बसली. झालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

"मावशी असणार!" बंड्या म्हणाला.

"इंग्रजीत मावशी, आत्या, काकू एकाच शब्दात. आळ कुणावर घ्यायचा, सांग."

बाईंना ही गोष्ट पुरती पटली नव्हती. "डॉक्टर, दुर्लक्ष कशाकडे, हे आधी सांगा. भुकेलं, पेंगुळलेलं, घाबरलेलं, तापलेलं पोर रडत असेल तर ते हट्ट करत नाहीये. त्याला जवळच घ्यायचं. 'पाहिजे म्हणजे पाहिजे' असेल तर ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नाही. पोराला टाकून निघून जायचं, असा त्याचा अर्थ नाही. हाताच्या अंतरावर थांबायचं. 'राग आलाय. चॉकलेट आज नाही.' एवढंच, एकदाच. मारायला किंवा चावायला आलं तर हात धरून थांबवायचं, पण भाषण नको. राग सुरुवातीला शिगेला असतो, शेवटी शेवटी दुःख उरतं. श्वास जरा खाली आला की त्याच क्षणी जवळ घ्या. समजावणं संध्याकाळी."

"रडता रडता निळं पडत असेल तर माझ्याकडे आणा," डॉक्टर मध्येच म्हणाले. "श्वास रोखून धरणाऱ्या पोरांत बऱ्याचदा लोह कमी निघतं. तिथे शिस्तीच्या गप्पा नंतर."

मास्तर अजून अडून होते. "एवढं सगळं भर दुकानात?"

"दुकानात नाहीच! दुकानाबाहेर," बाईंचा आवाज चढला. "आत जायच्या आधी सांगायचं: साखर आणि साबण घ्यायचाय, चॉकलेट नाही, पिशवी तू धर. जेवायच्या वेळेला पोराला दुकानात न्यायचंच नाही. सांगण्याची भाषाही बघा. 'चप्पल घालतोस का?' असं विचारलं तर 'नाही' हे अगदी रास्त उत्तर आहे. 'पळू नको' म्हणण्यापेक्षा 'माझा हात धर'. एका वेळी एकच काम सांगायचं आणि मग मनात पाचपर्यंत मोजायचं. आपण दुसऱ्या सेकंदाला तेच पुन्हा, आणखी मोठ्याने सांगतो. पोर मग तिसऱ्या हाकेपर्यंत हलत नाही."

"रोजची पाच मिनिटंही सांगा," डॉक्टर म्हणाले. "शीला आयबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या उपचारपद्धतीत घरचा अभ्यास आई-बापांना असतो. रोज पाच मिनिटं पोराच्या खेळात बसायचं. प्रश्न नाहीत, हुकूम नाहीत, 'हा रंग कुठला' नाही. ते काय करतंय ते फक्त बोलून दाखवायचं: 'लाल ठोकळा वर ठेवलास.' दिवसभर पोराला लक्ष मिळतच नसेल, तर तुम्ही ते काढून घेतलं काय आणि नाही काय, फरक काय पडणार?"

चांगलं वागलं की तक्त्यावर बक्षीस म्हणून चांदणी चिकटवायची, अशी बाजू बंड्याने मांडली. त्यावर बाईंनी 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग पुढे केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती स्केचपेनांकडे जवळजवळ निम्माच वेळ वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. "म्हणून चांदणी दात घासायला द्या, चित्राला नको. तीही त्याच दिवशी, रविवारपर्यंत उधारीवर नाही."

"हे सगळं ठीक," मास्तर म्हणाले, "आजीला कोण सांगणार?"

कट्ट्यावर पहिल्यांदाच सगळे गप्प झाले.

"आजीशी सगळ्या नियमांवर भांडायचंच नाही," बाई हळू म्हणाल्या. "मारायचं नाही, जेवताना मोबाइल नाही, झोपेची वेळ ठरलेली. तीन नियम सगळ्या घराने पाळायचे, बाकी आजीचं राज्य. आणि आजीला लाडू द्यायचाच असेल तर तिने खुशाल द्यावा. फक्त पोराने तोंड उघडायच्या आत."

"म्हणजे आजीलाच आधी पाचपर्यंत मोजायला शिकवा," बंड्या म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.